माईकवाल्या हेमराजची लस

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला तुम्ही कधी आला असाल, तर हेमराजला पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. कुणाचं पोर गर्दीत चुकलं, कुणाची पांढरीशुभ्र घोडी विकायला उभी आहे, पुलावर गाड्या तुंबल्यात म्हणून कुणी पलीकडेच थांबावं, हे सगळं लोकांना कळतं ते त्याच्या आवाजात. थोरला भाऊ केळीच्या बागेत रमला आणि हा भोंग्यात. लग्नाचा मंडप, साखरपुड्याचं स्टेज, शाळेचं स्नेहसंमेलन, नेत्याची सभा, कुठलंही काम असो, हेमराजचा टेम्पो आधी पोचलेला असायचा.

त्याचा एक नियम होता. घरात, बाजारात, पानटपरीवर तो आपली अहिराणी बोलायचा, पण माईक हातात आला की बोली बंद. तिथे 'शे' नाही, 'आहे'. शाळेतल्या धड्यासारखी घासूनपुसून लख्ख केलेली मराठी. त्याची आई दगूबाई म्हणायची, माईकवर बोलतो तो माझा पोरगा वाटतच नाही, कुणी तरी साहेब वाटतो.

असा हा ताडमाड, बोलघेवडा गडी भ्यायचा फक्त एका गोष्टीला. सुईला. मंडपाची लोखंडी पट्टी पायात घुसली तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला त्याला दोघांनी धरलं होतं, आणि सुई बाहेर आल्यावर तो खाटेवरून खाली घसरला होता. त्याची बायको दामिनी ही हकिकत प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवायची.

जागतिक एड्स दिनाची फेरी दर डिसेंबरला नंदुरबारात निघते. तिचं माईकचं काम हेमराजकडे बरीच वर्षं होतं. पुढे विद्यार्थ्यांची रांग, मध्ये हेमराजचा टेम्पो, मागे कर्मचारी. हातात दिलेल्या कागदावरच्या घोषणा तो वाचायचा. तपासणी करून घ्या, भेदभाव करू नका, माहिती हाच उपाय. आवाज खणखणीत, पण खरं सांगायचं तर मन दुसरीकडे, कारण त्याच दिवसांत घोडेबाजाराची तयारी चालू असायची.

त्या वर्षी मात्र फेरीनंतरच्या कार्यक्रमाला पुण्याहून एक डॉक्टर आली होती. डॉक्टर रोशनी वळवी. मूळची नवापूरकडची, आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत. तिने भाषणाचा कागद काढलाच नाही. ती म्हणाली की या विषाणूवर आता चांगल्या गोळ्या आहेत, रोज घेतल्या की माणूस आपलं आयुष्य पूर्ण जगतो. पण लस अजून नाही. जगभरातले लोक चाळीस वर्षं तिच्यामागे आहेत, आणि हा विषाणू इतका बहुरूपी की हाताला लागता लागता निसटतो. आमच्याकडे आता एका नव्या लसीची अगदी पहिल्या टप्प्यातली चाचणी सुरू होते आहे. तिला शास्त्रज्ञ लागतात, यंत्रं लागतात, पण सगळ्यात आधी लागतात धडधाकट माणसं, ज्यांना हा आजार नाही आणि जी स्वखुशीने आपला दंड पुढे करतील.

हेमराज स्टेजच्या कडेला उभा राहून आवाज कमीजास्त करत होता. त्याचा हात बटनावर तसाच राहिला. पुढचं आभारप्रदर्शन शिट्टी मारत वाजत राहिलं तरी त्याला कळलं नाही. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांना सांगतोय, पुढे या, पुढे या. आणि इथे कुणी तरी खरोखरच 'पुढे या' म्हणतंय, आपल्यालाच. जगात कुणाला न सापडलेली गोष्ट शोधायची आहे, आणि त्यात सारंगखेड्याच्या माणसाला जागा आहे.

वायर गुंडाळायची सोडून तो डॉक्टरकडे गेला. आमच्या भागातला माणूस चालतो का, असं त्याने विचारलं. डॉक्टर हसली, म्हणाली, माणूस कुठलाही चालतो, पण वर्षभर वरचेवर पुण्याला यावं लागेल, आणि तुमची लग्नसराई असते. हेमराजने तिथल्या तिथे उत्तर दिलं की चिंचवडला माझी धाकटी बहीण काजल राहते, तिच्या घरी माझी गादी पडलेलीच असते.

बाजूला सरलाबाई उभी होती. नंदुरबारची सरलाबाई स्वतः अनेक वर्षं एचआयव्हीसह जगत होती आणि ते ती लपवत नव्हती. नव्याने कळलेल्या माणसाचा धीर सुटला की दवाखान्यातले लोक तिलाच बोलावायचे. ती हेमराजला म्हणाली की ही लस माझ्यासाठी नाही, मला आता गोळ्याच. पण माझ्या मुलीला तिच्या मुलाला टोचून घेता आली, तर मला खूप झालं. हे ती अगदी सहज म्हणाली.

घरी जाऊन त्याने ही बातमी नेहमीच्याच आवाजात सांगितली, म्हणजे शेजारच्या तीन घरांनाही कळली. दगूबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. एड्सची सुई माझ्या पोराला, एवढंच तिला ऐकू आलं होतं. दामिनी मात्र म्हणाली,

"तुले सुईनं भ्याव वाटस, आनि तू लस लेवाले जाई ऱ्हायना?"

दामिनीने त्याचा फोन घेतला आणि स्वतःच डॉक्टरला लावला. लसीत तो जंतू असतो का, हे तिने पहिलं विचारलं. नाही, डॉक्टर म्हणाली. जंतूच्या काही भागांची फक्त नक्कल असते, शरीराला ओळख पटावी म्हणून. त्यातून आजार होऊच शकत नाही. मग काय होऊ शकतं? दंड दुखेल, ताप येईल, आणि नवी लस आहे म्हणून आम्हालाही ठाऊक नसलेलं काही निघू शकतं, त्यासाठीच आम्ही सारखं तपासत राहतो. मध्येच सोडावंसं वाटलं तर? कुठल्याही दिवशी सोडा, कुणी का म्हणून विचारणार नाही. दामिनीने फोन ठेवला आणि सासूला समजवायला बसली. दगूबाईला पटलं नाही, पण जेवायला मात्र ती उठली.

घोडेबाजार आटोपल्यावर हेमराज पुण्याला गेला. एसटीतून उतरला तेव्हा एखाद्या लढाईला निघाल्यासारखी त्याची छाती फुगलेली होती. संस्थेत मात्र लढाई नव्हती, प्रश्न होते. एक समुपदेशक बाई त्याच्यासमोर बसली, तिने सगळी माहिती सावकाश समजावून सांगितली आणि शेवटी त्याला किती कळलंय ते तपासायला काही प्रश्न विचारले. लस घेतल्यावर तुम्हाला एचआयव्हीपासून संरक्षण मिळेल का? हेमराज ताठ बसून म्हणाला, शंभर टक्के.

उत्तर चुकलं होतं. बाई म्हणाली, हे आम्हाला माहीत नाही, आणि म्हणून तर चाचणी आहे. शिवाय काहींना लस मिळेल, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं हे तुम्हालाही कळणार नाही, टोचणाऱ्यालाही नाही. तेव्हा लस घेतली म्हणून काळजी घेणं सोडायचं नाही. घरी जा, विचार करा, मग या.

हेमराजचा चेहरा उतरला. काजलच्या घरी तो गच्चीत बसला आणि पहिल्यांदाच शांतपणे विचार करू लागला. म्हणजे मला काहीच मिळणार नाही. संरक्षण नाही, कदाचित लसही नाही, नुसतं पाणी. काजलने वरण-बट्टी वाढली आणि विचारलं, मग सोडतोस का? हेमराज जेवता जेवता थांबला. त्याला एकदम मजा वाटू लागली. मिठाच्या पाण्याचीसुद्धा गरज आहे तिथे! पाणी घेणारा नसला तर लस घेणाऱ्याची तुलना कशाशी करणार? म्हणजे पाणी मिळालं तरी मी कामाचाच. हे त्याने काजलला, तिच्या नवऱ्याला आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला समजावून सांगितलं. पुढच्या खेपेला त्याची सगळी उत्तरं बरोबर आली. रक्त, लघवी, छातीचा ईसीजी, सगळ्या तपासण्या पार पडल्या, आणि एके दिवशी फोन आला की तुमची निवड झाली आहे. हेमराज त्या वेळी शहाद्याला एका मंडपाच्या शिडीवर होता. तो तिथूनच ओरडला. खालच्या लोकांना वाटलं, करंट बसला.

पहिल्या सुईचा दिवस. परिचारिकेने दंड पुसला आणि हेमराजच्या कपाळावर घाम फुटला. डॉक्टर वळवी समोर येऊन बसली आणि म्हणाली की तुम्ही माईकवाले ना, मग एखादी घोडी विका बघू मला. हेमराजने डोळे मिटले. सुरुवातीला आवाज फुटेना, मग बारीक फुटला, मग लागला चढायला. घोडी काठेवाडी आहे, चाल पाण्यासारखी आहे, वय कोवळं आहे, मालक धडगावचे सुरुपसिंग दादा स्वतः उपस्थित आहेत, हौशी मंडळींनी पश्चिमेच्या दावणीला यावं. तो घोडीच्या दातांपर्यंत पोचला तेव्हा परिचारिका म्हणाली, झालं, कापूस धरा. बाहेर बसलेले दोन स्वयंसेवक दारातून डोकावून बघत होते की आत नेमकं चाललंय काय.

हेमराज खाली पडला नाही. आपल्या दंडाकडे तो असा बघत होता, जणू तिथे पदक लावलंय.

रात्री थोडी कणकण आली, सकाळी गेली. तो गावी परतला आणि मग जे व्हायचं तेच झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुमचं नाव आम्ही कुणालाही सांगणार नाही. हेमराजने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. केळी भरायला आलेल्या ट्रकवाल्यांना, केस कापता कापता न्हाव्याला, लग्नाच्या सुपाऱ्या द्यायला आलेल्या लोकांना. कुणी कौतुक केलं, कुणी नुसतं हं म्हटलं. पण बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली की तिचा एकेक भाग गळतो. आधी चाचणी गळाली, मग लस गळाली. उन्हाळा लागेपर्यंत उरलं ते एवढंच, की माईकवाला हेमराज एड्ससाठी पुण्याला जातो.

पहिला धक्का दिला मोतीलालने. तो पलीकडच्या गावचा, त्याच्या मुलीच्या लग्नाचा मंडप हेमराजकडे ठरला होता. त्याने निरोप पाठवला की आमचं दुसरीकडे जमलंय. मग आणखी एक काम गेलं. टपरीवर हेमराजला कागदी कपात चहा मिळू लागला, बाकीच्यांना काचेच्या ग्लासात. ते त्याने दोन-तीनदा पाहिलं आणि तिथे जाणं बंद केलं. दगूबाईला पाणवठ्याजवळ एका बाईने विचारलं, पोराची तब्येत कशी आहे आता. ती घरी आली आणि धान्य पाखडत बसली.

गावातल्या एका जाणत्या माणसाने हेमराजला सल्ला दिला. एवढं कशाला मनाला लावून घेतोस, इथल्या दवाखान्यात जा, तपासणी कर, रिपोर्ट सगळ्यांना दाखव, विषय संपला. हेमराजला तेही करता येत नव्हतं. डॉक्टरने त्याला बजावलं होतं की लस घेतली असेल, तर शरीर तिच्या विरोधात जे तयार करतं ते साध्या तपासणीला दिसतं, आणि आजार नसतानाही तपासणी 'आहे' म्हणू शकते. तेव्हा बाहेर कुठेही तपासू नका, आमच्याकडे वेगळी तपासणी आहे. म्हणजे जी गोष्ट सिद्ध करायची, तीच करता येत नाही. त्याने डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तर तुम्हाला संसर्ग नाही असं पत्र मी देते, हवं तर स्वतः गावात येऊन सांगते. आणि तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा, आम्ही समजू शकतो.

थांबायचा प्रश्नच नव्हता. दुसरी सुई त्याने घेतली, तिसरीही घेतली. प्रत्येक खेपेला एक घोडी विकली. त्या खोलीत गेला की त्याचा शीण उतरायचा. तिथे नाशिकचा एक रिक्षावाला होता, एक कॉलेजातला प्राध्यापक होता, एक नाटकात काम करणारी मुलगी होती. त्यांच्यात बसलं की आपण कसल्या मोठ्या कामात आहोत हे त्याला पुन्हा आठवायचं आणि परतीच्या गाडीत तो गाणी गुणगुणत यायचा.

पावसाळा सरला, घोडेबाजार जवळ आला. माईकचं काम नेहमीसारखं त्याच्याकडेच होतं. हेमराजने मनाशी ठरवलं की डॉक्टरचं पत्र मागवायचं आणि बाजार ऐन भरात असताना, हजारो लोकांसमोर वाचायचं. मला एड्स नाही. एकदाच, मोठ्याने, तापीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं. हे सांगायला तो नंदुरबारला सरलाबाईकडे गेला. तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं.

सरलाबाई मिरच्यांचे देठ खुडत होती. तिने ऐकून घेतलं. मग हातातली मिरची सुपात ठेवली.

"तू सांगशी, माले व्हयेल नही. ठीक शे," ती म्हणाली. "मंग ज्यासले व्हयेल शे, त्यासनी कोठे तोंड दपाडानं?"

ज्यांना झालाय त्यांनी तोंड कुठे लपवायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. सरलाबाई रागावली नव्हती. ती सांगत होती की तुझं पत्र ऐकून लोक म्हणतील, बरं झालं, हेमराज त्यातला नाही. आणि 'त्यातले' जे आहेत ते गर्दीत उभे राहून हेच ऐकतील. तुझा काचेचा ग्लास तुला परत मिळेल, आमचा कागदी कप आमच्याकडेच राहील.

परतताना हेमराजने टेम्पोतलं गाणं लावलं नाही. प्रकाशा गावाच्या आसपास तो रस्त्याकडेला थांबला आणि ऊस भरलेल्या गाड्या जाताना बघत राहिला. आपण इतकी वर्षं भेदभाव करू नका म्हणून ओरडतोय, आणि आपल्यावर आली तर पहिलं काय सुचलं, की मी त्यांच्यातला नाही. मग हळूहळू त्याच्या डोक्यात दुसरंच काही शिजू लागलं, आणि त्याच्या पायाने नेहमीसारखा ठेका धरला.

बाजाराचा ऐन दिवस. दत्ताच्या दर्शनाची रांग, दावणीला बांधलेले घोडे, जिलेबीचा धूर, पाळण्यांचा आवाज. पाण्याच्या टाकीजवळ आरोग्य खात्याचा पांढरा तंबू लागला होता, रक्तदाब, साखर आणि एचआयव्हीची मोफत तपासणी. त्यात दोन कर्मचारी सकाळपासून रिकामे बसून होते. दुपारी गर्दी दाट झाल्यावर हेमराजने चालू गाणं बंद केलं. माईक तोंडाशी धरला आणि आपला नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा तो माईकवर अहिराणी बोलला.

"मी हेमराज बोली ऱ्हायनू. तुम्हना हेमराज. लोके इचारतस, हेमराजले व्हयेल शे का नही? मी सांगाव नही. ज्याले मन्हं जाननं शे, त्यानी पहिले सोतानी तपासनी करानी. पांढरा तंबू टाकीजवळ शे. तठून बाहेर निंघा, मंग मन्हाकडे या. आपन संगे चहा पिऊत, मी बठ्ठं सांगसू."

बाजार एकदम निवल्यासारखा झाला. भोंगा बिघडला की काय म्हणून लोक वर बघू लागले. हेमराज थांबला नाही.

"ज्याले व्हयेल शे, तो बी आपलाच शे. गोळ्या लेस, शेत करस, पोरे वाढाडस. मी लस लिधी ती कसाले? पुढला पोरेसले गोळी बी खानी पडाले नको, म्हनीसन."

त्याने माईक खाली केला. घोडेवाले एकमेकांकडे बघत होते, कुणी तरी दबक्या आवाजात हसलं. स्टेजवरून त्याला पांढरा तंबू सरळ दिसत होता, आणि त्याच्या दाराकडे कुणीही जात नव्हतं.

मग त्याला त्याची आई दिसली. दगूबाई डोक्यावरचा पदर सावरत, गर्दीला कोपराने बाजूला करत टाकीकडे निघाली होती. दामिनी तिच्या मागे धावत होती. वर्षभर या गोष्टीवर एक शब्द न बोललेली ती म्हातारी तंबूच्या दारात उभी राहिली, आतल्या मुलीसमोर तिने बोट पुढे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"घे वं माय, मन्हं रक्त घे. मी बी देखसू, माले काय व्हयेल शे."

लोक हसले, पण ते हसणं वेगळं होतं. त्यात गाठ सुटल्यासारखं काही होतं. पाठोपाठ सुरुपसिंग गेला. धडगावचा हा घोडेव्यापारी हेमराजला वर्षानुवर्षं ओळखायचा, आणि पुण्यातल्या खोलीत आपल्या नावाने घोड्या विकल्या जातात याचा त्याला पत्ताही नव्हता. तो गेला म्हणून त्याचे सोबती गेले. मग पाळणेवाले गेले. कॉलेजच्या मुलींचा एक घोळका एकमेकींना ढकलत गेला. तंबूतल्या दोघांना मान वर करायला सवड मिळेना. संध्याकाळ व्हायच्या आत किट संपले आणि शहाद्याहून आणखी मागवावे लागले. हेमराज स्टेजवरून रांगेला सूचना देत होता, घाई करू नका, एकामागून एक या, प्रत्येकाची गोष्ट प्रत्येकाजवळच राहील. त्याचा आवाज आनंदाने फुटत होता. सरलाबाई दुसऱ्या दिवशी आली आणि तंबूच्या बाजूला खुर्ची टाकून बसली. कुणाला एकट्याने बोलायचं असेल तर ती होती. काही जण तिच्याजवळ बसून गेले. कोण, कशासाठी, हे तिने कधीच कुणाला सांगितलं नाही.

चहा प्यायलाही लोक आले. हेमराजने प्रत्येकाला सगळं सांगितलं, मिठाच्या पाण्यासकट. मोतीलाल मात्र आला नाही. टपरीवाल्याने हेमराजला ग्लास दिला, पण एक-दोन गिऱ्हाइकं अजून त्याच्यापासून अंतर ठेवून बसतात. त्यांच्याकडे बघून हेमराज हल्ली मुद्दाम रामराम करतो.

पुढच्या वर्षी संस्थेने सगळ्या स्वयंसेवकांना पुण्याला बोलावलं. या खेपेला दामिनीही सोबत गेली. कुणाला काय मिळालं होतं ते प्रत्येकाला एकेकट्याला सांगण्यात आलं. हेमराजला लस मिळाली होती, खरी. तो खोलीतून बाहेर आला तो उड्या मारायच्याच बेतात. मग सगळ्यांना एकत्र बसवून डॉक्टर वळवीने निकाल सांगितला. लस सुरक्षित निघाली, कुणालाही गंभीर त्रास झाला नाही. पण शरीराने जेवढा जोर धरायला हवा होता तेवढा धरला नाही. या रूपात ही लस पुढे जाणार नाही.

नाटकातल्या मुलीच्या डोळ्यात पाणी आलं. हेमराज आपल्या दंडावरून हात फिरवत राहिला. सगळं पाण्यात, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. डॉक्टर म्हणाली की नाही, पाण्यात नाही. कुठला भाग शरीर ओळखतं, कुठला नाही, हे आता आम्हाला कळलंय, ते तुमच्या रक्तातून कळलंय. त्याच्यावर बेतलेली दुसरी लस तयार होते आहे, आणि तिची चाचणी याच खोलीत सुरू होईल. हेमराजची मान झटक्यात वर आली. त्याने तिथेच हात वर केला. पण डॉक्टरने मान हलवली. ज्यांच्या अंगात एक लस गेली आहे, त्यांना दुसरी देता येत नाही.

हेमराजचा हात हळूहळू खाली आला. आणि त्याच्या शेजारचा वर गेला.

"मी बी नाव दी ऱ्हायनू," दामिनी म्हणाली. आणि मग डॉक्टरकडे बघून, शुद्ध मराठीत, "माझं नाव घ्या. आम्हाला दोन मुलं आहेत, आता आणखी नको आहेत. चाचणीच्या काळात दिवस जायला नकोत, ही तुमची अटसुद्धा मला पाठ आहे."

इतकी वर्षं ही बाई त्याची फजिती चहाबरोबर वाढत होती, आणि हिच्या मनात हे कधीपासून होतं, त्याला पत्ता नव्हता. गाडीत त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली की तू पहिली सुई घेऊन आलास, त्या दिवशी तुझं तोंड बघितलं होतं ना, तेव्हापासून. त्या वेळी धाकटं अजून अंगावर पीत होतं, म्हणून बोलले नाही.

तिची निवड होईपर्यंत हेमराजच्या जिवात जीव नव्हता. प्रश्नोत्तरांत ती पहिल्याच खेपेला पास झाली, हे त्याने काजलच्या सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. दामिनीने उलट डॉक्टरलाच एक प्रश्न विचारला. लस कधी तरी निघेल, मग ती आमच्या धडगावच्या डोंगरातल्या बाईपर्यंत पोचेल ना, की शहरातच संपेल? डॉक्टर वळवीने तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. मग म्हणाली की हे माझ्या हातात नाही, पण हा प्रश्न मी जिथे बसते तिथे मांडत राहीन, तुम्हीही मांडत राहा.

पहिल्या सुईच्या सकाळी दामिनी लवकर उठली, वेणी घातली, नवी साडी नेसली. लग्नाला निघाल्यासारखी काय तयारी, काजलने चिडवलं. आज लग्नापेक्षा मोठं काम आहे, ती म्हणाली. संस्थेच्या दारात हेमराज तिला सूचना देऊ लागला, घाबरू नकोस, खोल श्वास घे, दुसरीकडे बघ. तिने त्याला बाकावर बसवलं, हातातली पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि झपझप आत निघून गेली.